दाखल वही डेटाबेसमध्ये नेताना: छोट्या मराठी वाचनालयासाठी पहिल्या रकान्यापासून

बडोद्याच्या दांडिया बाजार, रावपुरा भागातल्या एखाद्या मंडळाचं वाचनालय डोळ्यांसमोर ठेवून हा लेख लिहिला आहे. समजा चार हजार पुस्तकं, तीनशे सभासद आणि संध्याकाळी दोन तास चालणारी देवघेव. अशा ठिकाणी तीन वह्या असतात: दाखल रजिस्टर, सभासद वही आणि देवघेव वही. संगणक आला की बहुतेकदा तिन्ही वह्या एकाच एक्सेल शीटमध्ये कोंबल्या जातात. वर्षभर ते चालतं. मग एकाच सभासदाचे तीन पत्ते सापडतात, एकच प्रत दोघांच्या नावावर दिसते आणि ‘गोऱ्हे’ शोधलं तर गोऱ्हे सापडत नाहीत. यातली प्रत्येक चूक टाळता येते. त्यासाठी नियम कार्यकर्त्यांच्या स्मरणशक्तीवर न सोडता डेटाबेसमधल्या टेबलांच्या, म्हणजे ओळी आणि रकाने असलेल्या तक्त्यांच्या, रचनेतच बसवावे लागतात, म्हणजे चुकीची नोंद डेटाबेसच नाकारतो.

आधी कागदावर: एक ओळ म्हणजे नेमकं काय?

संगणक उघडण्याआधी कागद घ्या आणि प्रत्येक वहीतली एक ओळ कशाबद्दल आहे ते लिहा. दाखल रजिस्टरची एक ओळ म्हणजे पुस्तक नव्हे, ती एक प्रत असते. एकाच कादंबरीच्या तीन प्रती असतील तर दाखल क्रमांक तीन आणि शीर्षक एक. शीटमध्ये ते शीर्षक तीनदा टाईप होतं, एकदा ऱ्हस्व-दीर्घ चुकतं आणि मग संगणकाच्या लेखी ती दोन वेगळी पुस्तकं होतात. म्हणून पुस्तक आणि प्रत ही दोन वेगळी टेबलं हवीत. शीर्षक, प्रकाशक, आवृत्ती, प्रकाशन वर्ष हे सगळं पुस्तकाचं. दाखल क्रमांक, कपाट, किंमत, देणगीदार, बांधणीची अवस्था हे प्रतीचं.

एक गोष्ट एकाच जागी लिहायची आणि बाकी ठिकाणी फक्त तिचा क्रमांक वापरायचा, हा रिलेशनल डेटाबेसचा पाया. आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी तो १९७० साली मांडला आणि तो अजून टिकून आहे. सभासदाने घर बदललं तर पत्ता एका ओळीत बदलतो आणि त्याच्या साऱ्या जुन्या देवघेवीला आपोआप नवा पत्ता लागतो, कारण देवघेवीत पत्ता नसतोच, सभासद क्रमांक असतो.

छोट्या वाचनालयाला सहा टेबलं पुरतात: पुस्तक, प्रत, व्यक्ती, पुस्तक-व्यक्ती, सभासद आणि देवघेव. प्रत्यक्षात टेबलांची आणि रकान्यांची नावं रोमन लिपीत, जोडशब्दांमध्ये खालची रेघ देऊन ठेवा. डेटाबेसला देवनागरी नावं चालतात, पण पुढे दुसऱ्या कुणाला दुरुस्ती करायची वेळ आली की कळफलक बदलत बसावं लागतं. इथे वाचायला सोपं म्हणून मी मराठी नावं वापरतो आहे.

कुठला डेटाबेस घ्यायचा

देवघेवीच्या जागी एकच संगणक असेल तर एसक्यूलाइट. तो फुकट आहे, सगळा डेटाबेस एकाच फाइलमध्ये राहतो आणि वेगळा सर्व्हर चालवावा लागत नाही. सोबत ‘डीबी ब्राउझर फॉर एसक्यूलाइट’ हा मोफत प्रोग्रॅम घेतला की टेबलं डोळ्यांना दिसतात. त्यात बदल केल्यावर ‘राइट चेंजेस’ दाबल्याशिवाय काहीही पक्कं होत नाही, आणि तोवर दुसऱ्या प्रोग्रॅमला त्या फाइलमध्ये लिहिताही येत नाही. ‘डेटाबेस लॉक्ड’ असा संदेश आला की आधी हेच तपासा.

दोन-तीन संगणकांवरून एकाच वेळी नोंदी होणार असतील तर मारियाडीबी किंवा पोस्टग्रेस, हे सर्व्हरवर चालणारे डेटाबेस. एसक्यूलाइटची फाइल नेटवर्कवरच्या सामायिक फोल्डरमध्ये ठेवून सगळ्यांनी उघडायची, हा मार्ग घेऊ नका. नेटवर्क फोल्डरमध्ये फाइलचं कुलूप भरवशाचं नसतं, आणि दोघांनी एकाच क्षणी लिहिलं तर फाइल बिघडू शकते.

तयार सॉफ्टवेअर हवं असेल तर न्यूझीलंडमध्ये सुरू झालेलं कोहा आहे, एनआयसी या सरकारी संगणक संस्थेचं ई-ग्रंथालय आहे आणि गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटचं सोल आहे. पुस्तकं दहा हजारांच्या पुढे असतील तर त्यांचाच विचार करा. पण त्यांच्यातही माहिती आत जाते ती टेबलांतच, त्यामुळे खाली दिलेल्या लिपीच्या आणि आयातीच्या अडचणी तिथेही जशाच्या तशा येतात.

टेबलं बनवताना

प्रत्येक टेबलाला स्वतःचा पूर्णांकी प्राथमिक क्रमांक द्या, म्हणजेच प्रायमरी की. हा क्रमांक डेटाबेसच देईल. त्याला काही अर्थ नसावा. आयएसबीएनला, म्हणजे पुस्तकावर छापलेल्या आंतरराष्ट्रीय क्रमांकाला, प्राथमिक क्रमांक करण्याचा मोह होतो, तो टाळा. ही पद्धत आंतरराष्ट्रीय मानक झाली १९७० साली, आणि मराठी वाचनालयात त्याआधीची पुस्तकं भरपूर असतात. त्यानंतरच्याही अनेक मराठी पुस्तकांवर तो नसतो. दाखल क्रमांक मात्र ‘युनिक’ करा, म्हणजे एकच क्रमांक दोन प्रतींना देताच येणार नाही. बाद केलेल्या प्रतीचा क्रमांक नव्या प्रतीला देण्याची सवय काही ठिकाणी असते. ती सोडा, कारण जुन्या देवघेवीची साखळी त्याच क्रमांकावर लटकलेली असते.

आकड्यांसारखं दिसणारं सगळंच आकडा नसतं. ज्याची बेरीज करायची नाही तो मजकूर, असं धरून चला. फोन, पिन कोड, आयएसबीएन, वर्गांक, हे सगळं मजकुराच्या रकान्यात. दहा अंकी आयएसबीएनचा शेवटचा अंक कधी कधी रोमन ‘एक्स’ असतो, तो आकड्याच्या रकान्यात मावत नाही. वर्गांक म्हणजे विषयानुसार दिलेला क्रमांक. ड्यूईच्या वर्गीकरण पद्धतीत ग्रंथालयशास्त्राचा वर्गांक ०२० आहे. आकडा म्हणून साठवलात की तो २० होतो आणि पुस्तक भलत्याच कपाटात जातं.

वर्गांकाशेजारी ‘पद्धत’ असा एक छोटा रकाना ठेवा. मराठी साहित्याचा ड्यूई वर्गांक ८९१.४६ आणि गुजरातीचा ८९१.४७, हे बहुतेकांना माहीत असतं. पण सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेहून बोलावलेल्या विल्यम बॉर्डन यांनी बडोदा संस्थानासाठी ड्यूई आणि कटर यांच्या पद्धती एकत्र करून वेगळं वर्गीकरण तयार केलं होतं. जुन्या संग्रहातून देणगी आलेल्या पुस्तकाच्या पुठ्ठ्यावर त्या पद्धतीचा क्रमांक असू शकतो. तो ड्यूई समजून भरला की कपाटात घोटाळा आणि एक ऐतिहासिक नोंदही पुसली जाते. दोन्ही क्रमांक ठेवा, कोणता कोणत्या पद्धतीचा ते लिहा.

प्रकाशन वर्षाचंही तसंच. जुन्या मराठी पुस्तकावर शके असतं, गुजराती पुस्तकावर विक्रम संवत. शोधायला इसवी सन हवा, पण मुखपृष्ठावर छापलेलं तसंच जपायलाही हवं. म्हणून दोन रकाने: ‘छापील वर्ष’ हा मजकूर आणि ‘इसवी सन’ हा पूर्णांक. शकात ७८ मिळवा. जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंतचा काळ असेल तर ७९. गुजरातेतलं संवत कार्तिकात, दिवाळीनंतर सुरू होतं. तिथून डिसेंबरअखेरपर्यंत ५७ वजा करा, जानेवारीपासून पुढच्या दिवाळीपर्यंत ५६. महिना छापलेला नसेल तर शकात ७८ मिळवून किंवा संवतातून ५६ वजा करून येणारं वर्ष भरा आणि ‘अंदाजे’ अशी खूण करायला एक रकाना ठेवा.

लेखकासाठी पुस्तकाच्या टेबलात रकाना ठेवू नका. एका पुस्तकाला दोन लेखक, एक संपादक आणि एक अनुवादक असू शकतात, आणि एकच माणूस एका पुस्तकाचा लेखक तर दुसऱ्याचा अनुवादक असतो. ‘लेखक १, लेखक २, लेखक ३’ असे रकाने केलेत तर शोधताना तिन्ही ठिकाणी बघावं लागतं आणि चौथा लेखक आला की रचना मोडते. म्हणून व्यक्ती वेगळ्या टेबलात, आणि मध्ये ‘पुस्तक-व्यक्ती’ हे जोडटेबल: पुस्तक क्रमांक, व्यक्ती क्रमांक, भूमिका. टोपणनावासाठी व्यक्तीच्या टेबलात ‘मूळ व्यक्ती’ हा रकाना ठेवा. बडोद्याचे राजकवी चंद्रशेखर म्हणजे चंद्रशेखर शिवराम गोऱ्हे. वाचक दोन्हींपैकी कुठल्याही नावाने विचारेल. दोन ओळी ठेवून एक दुसरीकडे बोट दाखवते असं केलं की दोन्ही शोध एकाच पुस्तकांपाशी पोचतात.

टेबलं एकमेकांना जोडण्यासाठी फॉरिन की लावा, म्हणजे इथे लिहिलेला क्रमांक त्या दुसऱ्या टेबलात असलाच पाहिजे अशी अट. मग अस्तित्वात नसलेल्या सभासदाच्या नावावर पुस्तक जाणार नाही. एसक्यूलाइटमध्ये मात्र ही तपासणी मुळात बंद असते. प्रत्येक वेळी डेटाबेसशी जोडणी केल्यावर ‘प्राग्मा फॉरिन कीज’ चालू करावं लागतं. टेबलात फॉरिन की लिहिलेली दिसते, सगळ्यांना वाटतं पहारा आहे, आणि पहारा झोपलेला असतो. तसंच एसक्यूलाइट पूर्णांकाच्या रकान्यात ‘माहीत नाही’ असा मजकूरही मुकाट्याने घेतं. आवृत्ती ३.३७ पासून टेबल बनवताना शेवटी ‘स्ट्रिक्ट’ लिहिता येतं, मग ते नकार देतं. नव्याने सुरुवात करत असाल तर प्रत्येक टेबल स्ट्रिक्टच करा.

देवनागरीचं प्रकरण

इंग्रजीत लिहिलेली मार्गदर्शकं इथे गप्प असतात, म्हणून यावर जरा थांबू.

मायएसक्यूएल किंवा मारियाडीबी घेतलं असेल तर वर्णसंच, म्हणजे अक्षरं बाइटांत कशी साठवायची ती पद्धत, ‘यूटीएफ-८-एमबी-४’ हीच निवडा. नुसतं ‘यूटीएफ-८’ असं नाव असलेला मायएसक्यूएलमधला जुना वर्णसंच एका चिन्हाला जास्तीत जास्त तीनच बाइट देतो. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह बरोबर तीन बाइटांत मावतं, त्यामुळे मराठी चालतं आणि दोष लक्षात येत नाही. पुढे कुणी शेऱ्यात इमोजी टाकला की नोंद नाकारली जाते किंवा अर्धी कापली जाते. वर्णसंच तीन ठिकाणी सारखा हवा: डेटाबेसमध्ये, टेबलात आणि प्रोग्रॅम ज्या जोडणीने बोलतो त्या जोडणीत. तिसरी जागाच विसरली जाते. विसरल्याची लक्षणं दोन. नावाच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग दिसली तर बहुधा मूळ अक्षरं गेली, ती परत येत नाहीत, बॅकअप शोधा. टोप्या आणि टिंबं असलेल्या रोमन अक्षरांची गिचमिड दिसली तर बहुधा बाइट शाबूत आहेत, फक्त चुकीच्या वर्णसंचाने वाचले गेले आहेत, आणि ते सुधारता येतात. गिचमिड दिसताच हाताने पुन्हा टाईप करायला बसू नका.

रकान्याची लांबी ठरवताना डोळ्यांना दिसणारी अक्षरं मोजू नका. ‘लक्ष्मीकांत’ हे नाव आपल्याला चार अक्षरी वाटतं. डेटाबेस प्रत्येक काना, मात्रा, हलंत आणि अनुस्वार वेगळा मोजतो. त्याच्या हिशेबी ही ११ चिन्हं आणि ३३ बाइट. शीर्षकाला २५५ आणि नावाला १०० चिन्हं ठेवा. एसक्यूलाइटमध्ये मजकुराला लांबी द्यावीच लागत नाही.

आता गोऱ्हे. अर्धा चंद्राकृती र दोन तऱ्हांनी टाईप होतो. काही कळफलक ‘ऱ’ हे नुक्त्याचं चिन्ह आणि हलंत देतात, काही साधा र, हलंत आणि त्यानंतर न दिसणारं एक जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे, आत वेगळे. ‘ॲ’चंही तसंच: एक सलग चिन्ह, किंवा अ आणि त्यावर चंद्र. युनिकोडचं प्रमाणीकरण, ज्याला नॉर्मलायझेशन म्हणतात, ते करूनही या दोन जोड्या एक होत नाहीत, कारण युनिकोड त्यांना समान मानतच नाही. म्हणून नोंद आत जाण्याआधी स्वतःच बदल करून घ्या: र, हलंत, जोडचिन्ह दिसलं की ऱ आणि हलंत करा, अ आणि चंद्र दिसलं की ॲ करा. मग सुरुवातीची आणि शेवटची मोकळी जागा काढा, दोन सलग मोकळ्या जागांची एक करा, आणि आद्याक्षरांनंतर टिंब आणि एक मोकळी जागा हा एकच नियम पाळा. हेच सगळं शोधाच्या शब्दावरही करायचं, नाहीतर निम्मं काम वाया.

बडोद्यात आणखी एक पदर आहे. सभासद अर्ज गुजरातीत भरतो, पावती इंग्रजीत मागतो आणि पुस्तकं मराठी वाचतो. नाव तिन्ही लिप्यांत येतं. एकाच रकान्यात कधी ही लिपी कधी ती, असं केलंत तर एकाच माणसाची तीन खाती उघडतील. सभासदाच्या टेबलात ‘नाव देवनागरी’ आणि ‘नाव रोमन’ असे दोन रकाने सक्तीचे ठेवा आणि गुजराती नाव ऐच्छिक. आडनाव वेगळं ठेवा. आणि अंक! फोन नंबर देवनागरी किंवा गुजराती अंकांत टाईप झाला तर डेटाबेसच्या लेखी ते वेगळंच चिन्ह आहे. शोध चुकतो, तुलना चुकते. साठवताना इंग्रजी अंक, दाखवताना हवे ते.

अकारविल्हेचा प्रश्न उरतो. एसक्यूलाइट मुळात बाइटांच्या क्रमाने लावतं. युनिकोडमध्ये ळ हे ल आणि व यांच्या मध्ये बसलेलं आहे, आपल्या वर्णमालेत ते ह नंतर येतं. क्ष हे क, हलंत, ष असं असल्यामुळे ‘क्षितिज’ क मध्ये जाऊन बसतं, ज्ञ हे ज मध्ये. छापील यादी मराठी शब्दकोशाच्या क्रमाने हवी असेल तर ‘क्रमशब्द’ असा एक जादा रकाना बनवा, त्यात या तीन वर्णांच्या जागी ह च्या पुढे लागेल असं चिन्ह ठेवा आणि यादी त्या रकान्यावर लावा. पडद्यावरच्या रोजच्या शोधाला याची गरज नाही.

जुनी माहिती आत आणणं

जुनं शीट श्री-लिपी, कृतिदेव, शिवाजी अशा फॉन्टमध्ये असेल तर ते युनिकोड नव्हेच. फॉन्ट बदलला की रोमन अक्षरं उघडी पडतात, ही त्याची खूण. आधी परिवर्तकातून युनिकोड करून घ्या आणि निदान शंभर ओळी डोळ्यांनी तपासा. रफार आणि ऱ्हस्व इकार यांची जागा हमखास चुकते.

मग लिबरऑफिस कॅल्कमध्ये शीट उघडा, फोन, पिन आणि आयएसबीएन यांचे रकाने मजकूर करा. आयात होण्याआधीच एक्सेलने तेरा अंकी आयएसबीएन घातांकी रूपातच मजकूर फाइलमध्ये सेव्ह केला असेल तर शेवटचे अंक गेलेले असतात, ते पुस्तक हातात घेऊनच परत मिळतात. तारखा वर्ष-महिना-दिवस या रूपात आणा: २०२४-०४-०३. कारण ०३/०४/२०२४ ही ३ एप्रिल की ४ मार्च, हे संगणकाच्या प्रादेशिक सेटिंगवर ठरतं आणि बारा तारखेपर्यंतची प्रत्येक तारीख गुपचूप उलटू शकते. वर्ष आधी असलं की मजकूर म्हणून लावलेला क्रमही बरोबर येतो. एसक्यूलाइटला तारखेचा वेगळा प्रकार नाही, म्हणून रकान्यावर ‘चेक’ची अट घाला की मजकूर चार अंक, रेघ, दोन अंक, रेघ, दोन अंक असाच हवा.

शीट सीएसव्ही म्हणून, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर फाइल म्हणून, यूटीएफ-८ निवडून सेव्ह करा. ती थेट खऱ्या टेबलांत ओतू नका. आधी ‘कच्चं’ नावाच्या एका टेबलात सगळे रकाने मजकूर म्हणून घ्या. तिथे वेगवेगळी शीर्षकं किती, एकसारखे दाखल क्रमांक किती, रिकामे किती हे मोजा, दुरुस्त करा, आणि मग क्रमाने भरा: व्यक्ती, पुस्तक, जोडटेबल, प्रत, सभासद, शेवटी देवघेव. क्रम उलटा केला तर फॉरिन की अडवेल, आणि ते योग्यच आहे.

देवघेव

या टेबलात प्रत क्रमांक, सभासद क्रमांक, दिल्याची तारीख, देय तारीख आणि परत आल्याची तारीख. पुस्तक बाहेर असताना शेवटचा रकाना रिकामा, म्हणजे नल. प्रतीच्या टेबलात ‘उपलब्ध आहे का’ असा वेगळा रकाना ठेवू नका. तीच गोष्ट दोन ठिकाणी लिहिली की कधी ना कधी दोन्ही ठिकाणं वेगळं बोलतात. जिची उघडी देवघेव आहे ती प्रत बाहेर, बाकीच्या आत.

एकच प्रत दोघांना जाऊ नये यासाठी एसक्यूलाइट आणि पोस्टग्रेसमध्ये सुंदर सोय आहे: प्रत क्रमांकावर युनिक इंडेक्स, म्हणजे एकच क्रमांक दोनदा येऊ न देणारी सूची, पण फक्त परत-तारीख नल असलेल्या ओळींसाठी. मग उघडी नोंद असताना त्याच प्रतीची दुसरी नोंद होतच नाही, देवघेवीला कितीही गर्दी असो. मारियाडीबीत असा सशर्त इंडेक्स नाही, तिथे ट्रिगर, म्हणजे नोंद होताना आपोआप चालणारी तपासणी, लिहिता येतो.

देय तारीख दरवेळी दिल्याच्या तारखेवरून काढता येते, मग साठवायची कशाला? कारण नियम बदलतात. मुदत १५ दिवसांवरून २१ केलीत तर जुन्या नोंदींची देय तारीख मागे जाऊन बदलता कामा नये. विलंब शुल्काचा दरही आकारणीच्या वेळीच नोंदीत लिहून ठेवा.

पुस्तक परत घेणं, दंड लिहिणं आणि तेच पुस्तक राखून ठेवलेल्या सभासदाला देणं हे एकाच व्यवहारात बसवा, म्हणजे ट्रान्झॅक्शनमध्ये: ‘बिगिन’, सगळे बदल, ‘कमिट’. मध्येच वीज गेली तर डेटाबेस उघडताना अर्धवट बदल स्वतः मागे घेतो. हे न करता बदल एकेक करून पक्के केले तर परत आलेलं पुस्तक आणि न लिहिलेला दंड अशी जोडी शिल्लक राहते.

एसक्यूलाइटचं ‘नाऊ’ जागतिक वेळ देतं, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. संध्याकाळी ६ ची नोंद दुपारी साडेबाराची दिसेल. ‘लोकलटाइम’ जोडा.

सभासद सोडून गेला तरी ओळ पुसू नका, ‘सदस्यत्व समाप्त’ तारीख भरा. अनामत परत दिल्याची तारीखही तिथेच. आधार क्रमांक मात्र साठवूच नका. पत्त्याचा पुरावा पाहिला, अमुक तारखेला, एवढी नोंद पुरते. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आहे, आणि जी माहिती ठेवलीच नाही ती गळतही नाही.

शोध आणि प्रश्न

कार्ड कॅटलॉगच्या कपाटात एकाच पुस्तकाची लेखककार्डं एका खणात आणि शीर्षककार्डं दुसऱ्या खणात असायची, ज्या बाजूने शोधायचं त्या बाजूने क्रम लावलेला. इंडेक्स म्हणजे तेच. शीर्षक, आडनाव, दाखल क्रमांक आणि देवघेवीतले दोन्ही क्रमांक, एवढ्यांवर इंडेक्स करा. एसक्यूलाइट फॉरिन कीच्या रकान्यावर आपोआप इंडेक्स करत नाही, तो तुम्हीच करायचा. सगळ्याच रकान्यांवर करू नका, दर नोंदीला तेवढे खण नव्याने लावावे लागतात.

शब्द शीर्षकाच्या मध्ये कुठेही असला तरी सापडावा असा शोध, म्हणजे ‘लाइक’मध्ये दोन्हीकडे टक्क्याचं चिन्ह, इंडेक्स वापरत नाही. चार हजार पुस्तकांना फरक पडत नाही, बिनधास्त वापरा. चाळीस हजार झाली आणि शेऱ्यांतही शोधायचं असेल तर एफटीएस-५ ही एसक्यूलाइटची पूर्ण मजकुरात शब्द शोधण्याची सोय घ्या. पण त्याची नेहमीची शब्द तोडण्याची पद्धत फक्त अक्षरं आणि अंक यांनाच शब्दाचा भाग मानते. देवनागरीचे काना-मात्रा आणि हलंत त्या वर्गात नाहीत, त्यामुळे ‘पुस्तक’ प, स, तक असं तुटतं आणि शोध कचऱ्याने भरतो. टेबल बनवताना ‘कॅटेगरीज’ या पर्यायात मात्राचिन्हांचे दोन्ही वर्ग, म्हणजे एमएन आणि एमसी, जोडा.

रोजचा प्रश्न थकीत पुस्तकांचा: देवघेव, प्रत, पुस्तक आणि सभासद जोडा, परत-तारीख नल आणि देय तारीख आजच्या आधीची अशी अट लावा. इथे ‘बरोबर नल’ असं लिहिलंत तर शून्य ओळी येतात, आणि नवख्याला वाटतं सगळी पुस्तकं आली. नल म्हणजे माहीत नसलेलं, ते कशाच्याच बरोबर नसतं. ‘इज नल’ लिहा.

पुस्तकांची यादी काढताना पुस्तक आणि व्यक्ती साध्या ‘जॉइन’ने जोडल्या तर लेखकाचं नाव नसलेल्या पोथ्या, स्मरणिका, पंचांगं यादीतून नाहीशी होतात. यादीतली संख्या आणि पुस्तक टेबलातली संख्या जुळत नसेल तर कारण बहुधा हेच. जोड न सापडलेलं पुस्तकही यादीत ठेवणारा ‘लेफ्ट जॉइन’ वापरा. उलट, दोन लेखकांचं पुस्तक दोनदा दिसेल, तिथे पुस्तक क्रमांकावर गट करा.

बॅकअप

दररोज देवघेव संपल्यावर एक प्रत संगणकाबाहेर, पेनड्राइव्हवर, आणि आठवड्यातून एक दुसऱ्या घरी किंवा इंटरनेटवरच्या साठ्यात. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री २५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ३५ फुटांच्याही वर गेली आणि शहराचे मोठे भाग पाण्यात होते. संगणक आणि पेनड्राइव्ह एकाच टेबलाच्या एकाच खणात असतील तर तो बॅकअप नव्हे. दुसरी प्रत नदीपासून दूर, वरच्या मजल्यावर असू द्या.

चालू डेटाबेसची फाइल नुसती कॉपी करू नका. ‘वॉल’ पद्धत चालू असेल तर ताजे बदल शेजारच्या दुसऱ्या फाइलमध्ये असतात आणि कॉपीत येत नाहीत. एसक्यूलाइटची ‘बॅकअप’ आज्ञा किंवा ‘व्हॅक्यूम इंटू’ वापरा, फाइलच्या नावात तारीख घाला आणि एकाच नावावर रोज लिहू नका, नाहीतर आजची बिघडलेली फाइल कालच्या चांगलीवर बसेल. महिन्यातून एकदा बॅकअपची फाइल दुसऱ्या संगणकावर उघडा, ‘इंटिग्रिटी चेक’ चालवा, त्यातून ‘ओके’ आलं पाहिजे. मग प्रतींची आणि उघड्या देवघेवींची संख्या मूळ डेटाबेसशी ताडून बघा.

देवघेव वही पहिले दोन महिने सोबत चालू ठेवा. दर शनिवारी वहीतल्या बाहेर असलेल्या पुस्तकांची संख्या डेटाबेसच्या उत्तराशी जुळवा, न जुळणारी प्रत कपाटात जाऊन हाताने शोधा आणि फरक कुठे पडला ते वहीच्या समासात लिहा. सलग चार शनिवार आकडे जुळले की वही बंद करायला हरकत नाही. दाखल रजिस्टर मात्र कागदावरही चालू ठेवा, नव्या प्रतीची नोंद आधी तिथे आणि मग डेटाबेसमध्ये.